काठी आत, वहिनी बाहेर

नका, नका वाजवू दार. हात दुखेल तुमचा, बाकी काही होणार नाही... अहो, मी सांगते ना, उघडणार नाही तो. तिसरी घंटा झाली. ऐकलीत ना जिना चढताना? मग झालं तर. आता इंटरव्हलपर्यंत हे दार नाही, ही भिंत आहे असं समजायचं आणि गप पायरीवर बसायचं. तिकीट मला काय दाखवताय, मी काय करू त्याचं, मीही तुमच्यासारखीच बाहेर आहे, आणि मी तर त्याची बहीण आहे. हो हो, आतून कडी घालून जो उभा आहे ना, या थिएटरचा डोअरकीपर, तो माझा थोरला भाऊ. सख्खा. दादा. एका ताटात जेवलोय आम्ही, आणि आत्ता, या क्षणी, मी त्याच्या दाराबाहेर तुमच्याशी बोलत बसलेय.

बघू तुमचं तिकीट? हं. कोपऱ्यात काय छापलंय? ‘ॲडमिट वन’. एकाला आत सोडा. छापलंय की नाही? पण ज्यानं छापलं त्याला आमचा दादा कुठे माहीत होता... या एका शब्दानं, तुम्हाला सांगते, आमच्या घरात गेलं वर्षभर असा काही धुमाकूळ घातलाय की विचारू नका. नाही, तुम्ही विचारलं नाहीत हे खरंय, पण इंटरव्हलपर्यंत करणार काय आहात दुसरं? बसा. जरा पुसून घ्या पायरी.

तर दादा. या माणसानं कोणाकोणाला या दाराबाहेर उभं केलंय माहितेय? थिएटरच्या मालकाला केलंय. मालक म्हणाला, अहो, पगार मी देतो तुम्हाला. दादा म्हणाला, तो दार बंद ठेवायचाच देता. एकदा खुद्द नाटककाराला थांबवलं, ज्यानं नाटक लिहिलं त्याला! तो बिचारा म्हणतोय, अहो, हे नाटक माझं आहे. दादा म्हणाला, मग पहिला अंक तुम्हाला माहीतच आहे, बसा निवांत. कोणी म्हणतं, मी हिरोइनचा मामा आहे, कोणी म्हणतं, मी आमदारांचा माणूस आहे, तर दादाचं एकच ठरलेलं वाक्य. ‘सगळेच कोणाचे तरी कोणी असतात. घंटा कोणाची कोणी नसते.’ आणि दार बंद.

आता खरं सांगू का, त्याचं म्हणणं चूक नाहीये. आत अंधार असतो, स्टेजवर कोणीतरी जीव ओतून बोलत असतं, आणि मागचं दार उघडलं की उजेडाची ही एवढी पट्टी खुर्च्यांवरून सरपटत थेट नटाच्या तोंडावर जाते, अख्खं थिएटर माना वळवून मागे बघतं आणि केलेलं सगळं पाण्यात. ते मला पटतं. पण माणसाचा नियम बरोबर असला म्हणून माणूस प्रत्येक वेळी बरोबर असतो का? दादाला विचारा. असतो म्हणेल.

घरात बघायला हवा तुम्ही. चहात साखरेऐवजी मीठ टाकलं त्यानं, तर म्हणे साखरेला ओल आलीय. घड्याळ टांगलं तिरकं, तर म्हणे भिंत तिरकी बांधलीय. चुकीच्या बसमध्ये बसून भलतीकडे गेला, तिथून फोन केला, काय सांगतो? ‘बसवाल्यानं रस्ता बदललाय.’ एकदा एका लग्नाला आदल्या दिवशी जाऊन पोचला, हॉल रिकामा, खुर्च्या एकावर एक रचलेल्या, तर घरी येऊन म्हणाला, हल्ली लोक फार उशीर करायला लागलेत. सगळं म्हणेल हो, पण ‘चुकलं’? चुकलं म्हणेल तर तो दादा कसला.

आणि अशा माणसाच्या पदरात आमची वहिनी. गाय नाही हं, गैरसमज नको. हसरी आहे, पण एकदा मनात धरलं की धरलं.

आता मूळ गोष्ट. माझी भाची, म्हणजे या दोघांची एकुलती एक लेक, नाटकात काम करते. हेच नाटक, जे आत चाललंय. पोरगी विशीतली आणि काम मिळालं ऐंशीच्या म्हातारीचं. पहिलं मोठं काम. पण ती म्हणाली, करते. आणि वहिनीच्या वडिलांची काठी काढली तिनं कपाटावरून. वहिनीचे वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण ती काठी वहिनीनं जपून ठेवली होती, मूठ हातानं घासून घासून अगदी गुळगुळीत झालेली. ती काठी घेऊन पोरगी घरभर चालायची, टक... टक... टक... खालचे लोक वर येऊन विचारून गेले, तुमच्याकडे कोणी आजारी आहे का म्हणून. आणि वहिनी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि म्हणायची, अगदी माझे बाबा चालतात गं.

तिची एंट्री कधी आहे माहितेय? पहिल्या अंकाच्या शेवटाकडे. स्टेजवर भांडण चाललेलं असतं, दिवे जातात, सगळा काळोख होतो, आणि त्या काळोखात विंगेतून फक्त काठीचा आवाज येतो. मग हळूहळू उजेड, आणि म्हातारी उभी. अंगावर काटा येतो हो.

तर पहिल्या प्रयोगाच्या दिवशी पोरगी सकाळीच तालमीला गेली, आणि जाताना बापाला बजावून गेली, बाबा, दुपारी ड्यूटीवर येताना काठी घेऊन या. दादा म्हणाला, ‘मी विसरतो का कधी?’ संध्याकाळी मी आणि वहिनी नटूनथटून थिएटरात हजर, आणि बघतो तर भाची मेकअपमध्ये, ऐंशी वर्षांची, सुरकुत्या-बिरकुत्या काढलेल्या, आणि घाबरून धावत येतेय. ती सुरकुतलेली आजी टणाटण उड्या मारत आली ते बघून लोक वाटेतून बाजूला झाले. ‘आई, काठी?’ वहिनीनं बघितलं दादाकडे. मी बघितलं दादाकडे. दादानं बघितलं छताकडे. ‘माझ्या हातात कोणी दिलीच नाही.’

कुठे होती काठी? घरी. दाराच्या मागे. जन्मभर दार सांभाळणारा माणूस, आणि काठी विसरली दाराच्याच मागे.

वहिनी धावली. मला म्हणाली, तू आत जाऊन जागा धर, आणि नवी चप्पल घालून, त्या चपलेनं टाच सोललेली, तशीच धावत घरी गेली, काठी घेतली, तशीच परत, हा जिना चढली, आणि वर पोचते तोच तिसरी घंटा संपली. संपली म्हणजे आवाज अजून हवेत होता हो. दार एवढं, एवढं उघडं होतं. वहिनीनं काठी पुढे केली. दादानं फटीतून हात काढला, काठी घेतली, म्हणाला, ‘बरं झालं आणलीस.’ आणि दार लावून घेतलं.

काठी आत, वहिनी बाहेर.

तिला आधी कळलंच नाही. हात तसाच पुढे. मग तिनं हळूच दार वाजवलं, आणि आतून दादाचा आवाज आला, तोच, सगळ्यांना येतो तोच, ‘इंटरव्हलला या.’ या, म्हणाला! बायकोला! ड्यूटीवर तो सगळ्यांना अहो-जाहो करतो ना, म्हणून.

मी आत होते. शेजारच्या खुर्चीवर माझी पर्स ठेवली होती वहिनीसाठी, आणि पोरीची एंट्री झाली तेव्हा त्या खुर्चीत पर्स बसली होती. काळोख, टक, टक, मग उजेड, आणि टाळ्या अशा पडल्या की पोरीला पुढचं वाक्य घ्यायला थांबावं लागलं. आणि वहिनी इथे, तुम्ही बसलात ना, इथेच, दाराला कान लावून. आपल्या बापाची काठी आपल्या पोरीच्या हातात, आणि हिनं ऐकल्या फक्त टाळ्या. इंटरव्हलला मी धावत बाहेर आले तर वहिनी नव्हती. घरी निघून गेली होती. मला फार वाईट वाटलं हो त्या दिवशी, आणि दादाचा इतका राग आला की मी दोन दिवस त्याच्या डब्यात लोणचं दिलं नाही.

आता पुढे ऐका. वहिनीनं भांडण केलं का? नाही. अबोला धरला का? नाही. चहा वेळेवर, डबा वेळेवर, सगळं जिथल्या तिथे. फक्त एक म्हणाली. ‘दार लावलंत त्याचं मी काही म्हणत नाही. नियम आहे तुमचा. पण काठी तुम्ही विसरलात. माझं चुकलं, एवढं म्हणा. ज्या दिवशी म्हणाल त्या दिवशी मी नाटकाला येईन. तोवर त्या दारात मी पाऊल ठेवणार नाही.’

दोन शब्द हो. ‘माझं चुकलं.’ यात काय सोनं-नाणं लागतं? पण दादा म्हणतो, काठी दारामागे ठेवली कोणी? मी म्हटलं, तू. तर म्हणे, मग मला दिसेल अशी का नाही ठेवली? मी तर हातच जोडले.

आणि नाटक चाललं बरं का. असं चाललं की बोलायची सोय नाही. दूधवाला बघून आला, वाणी दोनदा बघून आला, खालचे ते टकटकवाले सहकुटुंब बघून आले. रस्त्यात लोक वहिनीला थांबवून सांगायचे, तुमच्या मुलीची ती काठीची एंट्री, काय हो! आणि वहिनी हसून म्हणायची, हो ना. घरी येऊन गॅससमोर उभी राहायची, नुसतीच, भांडं न ठेवता. भाची रडकुंडीला यायची. प्रयोग संपला की फोन करून एकच विचारायची, आई आली होती का आज? आणि बापाच्या मागे लागायची, ‘बाबा, ॲडमिट करा ना, तुमची चूक आहे, ॲडमिट करा.’ दादा म्हणायचा, ‘घंटा झाल्यावर मी कोणाला ॲडमिट करत नाही.’ चुकलं म्हणेल तर तो दादा कसला.

मग वहिनीच्या पोटात दुखायला लागलं. उजवीकडे, बरगडीखाली. दादाचं निदान तयार. गॅस. ओवा खा. ओवा खाल्ला. दुखणं वाढलं. दादा म्हणाला, ओवा जुना असेल. शेवटी मीच धरून नेलं डॉक्टरकडे, आणि डॉक्टर म्हणाले, पित्ताशयात खडे आहेत, आजच्या आज ॲडमिट करा.

बघितलंत? आला की नाही तोच शब्द पुन्हा? तिकिटावरून उतरला आणि दवाखान्यात जाऊन बसला.

बायकांचा वॉर्ड. मी वहिनीजवळ राहिले, कारण तिथलाही नियम, एका पेशंटपाशी एकच माणूस. शेजारच्या खाटेवर एक इंग्रजीच्या बाई होत्या, शाळेतून रिटायर झालेल्या, पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला, पण तोंड मोकळं. वॉर्डातल्या सगळ्यांचं इंग्रजी सुधारायचं काम त्यांनी पडल्या पडल्या हाती घेतलं होतं. डॉक्टरांचंसुद्धा. मी त्यांना म्हटलं, बाई, हा ॲडमिट शब्द काय प्रकार आहे हो? घरात तोच, दारात तोच, इथेही तोच. बाईंना तेवढंच हवं होतं. म्हणाल्या, ‘शाळेत मूल घेतात ते ॲडमिट. आजाऱ्याला खाटेवर घेतात ते ॲडमिट. तिकीटवाल्याला आत सोडतात ते ॲडमिट. आणि चोर पोलिसाला सांगतो, होय साहेब, मीच केलं, तेही ॲडमिट.’ मी म्हटलं, अहो, शब्दांची इतकी चणचण होती का त्या लोकांना? आपल्याकडे बघा, भरती करणं, दाखल करणं, आत घेणं, कबूल करणं, पदरात घेणं, मान्य करणं, एकेका कामाला वेगळं भांडं आहे. चोराला आणि आजाऱ्याला एकाच पातेल्यात कसं शिजवायचं?

बाई म्हणाल्या, ‘काम एकच आहे म्हणून शब्द एक. बाहेर जे उभं आहे त्याला आत येऊ द्यायचं. मग तो माणूस असो, नाहीतर आपली चूक असो. दार तर आपल्यालाच उघडावं लागतं.’

मला ते काही लगेच उमगलं नाही, मी चादर झटकत होते. पण वहिनी, हाताला सलाईन, चेहरा पिवळा पडलेला, छताकडे बघत म्हणते कशी, ‘म्हणजे आमच्या ह्यांना दोन्हीकडे एकच आजार आहे.’ बाई इतक्या हसल्या की टांगलेला पाय हलला आणि सिस्टर धावत आली.

आता ही सिस्टर. तुम्हाला काय सांगू. दादाची सख्खी बहीण मी, पण शोभली असती ती. भेटायची वेळ संपली की वॉर्डाचं दार बंद. दाराला वरती गोल काच, त्या काचेतून बाहेर बघायची, आणि बाहेरचा माणूस कितीही हात जोडो, मान फक्त आडवी हलायची. एका बाईचा नवरा रडवा चेहरा करून उभा होता, गेला बिचारा तसाच. मला तेव्हाच वाटलं होतं, ह्या दाराची आणि दादाची एकदा गाठ पडायला हवी.

आणि पडली. ऑपरेशन दुपारनंतर होतं. दादा म्हणाला, थिएटरात नेण्याआधी मी येतो. ऑपरेशन थिएटर म्हणते मी, ह्याचं नाही. पण त्या दिवशी दुपारचा प्रयोग होता, आणि तिसरी घंटा झाल्याशिवाय दादा दार सोडेल? बायकोचं पोट फाडायचंय, तरी घंटा आधी. घंटा झाली, दार दुसऱ्या डोअरकीपरकडे सोपवलं, आणि निघाला. आयुष्यात पहिल्यांदा पळत निघाला. पण इकडे भेटायची वेळ संपली, सिस्टरनं दार ओढलं, खिट्टी घातली, आणि गोल काचेत दादाचा चेहरा आला. घामानं निथळलेला.

दादानं दार वाजवलं. माझ्या कानांनी ऐकलं, म्हणून सांगते. दादानं, दार, वाजवलं.

सिस्टरनं दार एवढंसं उघडलं. ‘वेळ संपली.’

‘माझी बायको आहे आत.’

सिस्टर म्हणाली, ‘इथे सगळेच कोणाचे तरी कोणी आहेत.’

देवाशपथ. जवळजवळ अक्षर न् अक्षर. मी वहिनीकडे बघितलं, वहिनीनं माझ्याकडे. तिला हिरवा गाऊन घातलेला, केसांवर टोपी, स्ट्रेचरवर घेतलेली, घाबरलेली होती हो ती सकाळपासून, पण हे ऐकलं आणि तिच्या डोळ्यांत काय चमक आली म्हणून सांगू.

दादानं ऐकलं. स्वतःचंच वाक्य. त्याला पुढचं उत्तर माहीत होतं. नुसता उभा राहिला, हात दाराच्या चौकटीवर, आणि स्ट्रेचर बघितलं त्यानं. चेहरा असा उतरला... मी लहानपणापासून बघतेय त्याला, मी तो चेहरा पाहिला नव्हता. आमचे वडील गेले तेव्हाही तो दाराशी उभा राहून लोकांना रांगेत सोडत होता. मला एकदम भरून आलं. मी सिस्टरला म्हटलं, सोडा ना हो, नवरा आहे. सिस्टर म्हणाली, ‘एका पेशंटपाशी एकच. पेशंटनं बोलावलं तर त्याला सोडते, पण तुम्ही बाहेर.’ आणि वहिनीला विचारलं, ‘काय हो ताई, घेऊ का आत?’

आता बघा कशी वेळ आली. अख्खा वॉर्ड कुशीवर वळला. बाईंनी चष्मा लावला.

वहिनी स्ट्रेचरवर उठून बसली. शांतपणे, घाई नाही, आरडाओरडा नाही. म्हणाली, ‘सिस्टर, आधी त्यांना विचारा, काठी कोण विसरलं.’

सिस्टरला काय कळणार? पण शिस्तीची बाई, पेशंट म्हणतेय म्हणजे विचारायलाच हवं. वळली आणि विचारलं, ‘काठी कोण विसरलं?’

आणि माझी पंचाईत. नियमाप्रमाणे मला बाहेर जायला हवं. पण जाते कुठे? वर्षभर ज्या वाक्याची वाट बघितली ते आत्ता पडणार, आणि मी बाहेर जाऊ? मी खाटेखाली वाकून चप्पल शोधायला लागले. चप्पल पायातच होती. तरी शोधत होते.

दादानं एकदा स्ट्रेचरकडे बघितलं. मग तो ड्यूटीवरचा आवाज असतो ना त्याचा, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा, त्या आवाजात म्हणाला, ‘मी विसरलो. तिनं धावत जाऊन आणली. माझं चुकलं.’

ऐकलंत? माझं चुकलं. फटीतून नाही, कुजबुजत नाही, अख्ख्या वॉर्डासमोर. माझ्या हातून चप्पल पडली, म्हणजे पायातून काढून हातात घेतली होती ती. आणि बाई काय म्हणाल्या माहितेय? ‘ॲडमिटेड!’ आणि टाळ्या. तुम्हाला खोटं वाटेल, पण वॉर्डातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, ज्यांच्या हाताला सलाईन होतं त्यांनी एकाच हातानं मांडीवर थाप मारली, पलीकडच्या कोपऱ्यातल्या एकीनं चमच्यानं पेला वाजवला, आणि तिला तर काठी म्हणजे काय, काहीच माहीत नव्हतं. मी तर काय, हसतेय की रडतेय मलाच कळेना. थिएटरात पोरीला मिळाल्या त्याहून एक टाळी कमी नाही हो.

वहिनी म्हणाली, ‘घ्या आत.’

दादा आत आला. आणि आल्या आल्या पहिलं काय म्हणावं माणसानं? दाराकडे वळून सिस्टरला म्हणतो, ‘बिजागरी कुरकुरतेय, तेल घाला.’ मग वहिनीचा हात धरला. बराच वेळ धरून ठेवला. ती म्हणाली, ‘बाहेर उभं राहून कळलं?’ तो म्हणाला, ‘कळलं.’ मला वाटतं तेवढंच बोलले दोघं. मला सिस्टरनं तोवर दंडाला धरून बाहेर काढलं होतं, काचेतून बघितलं मी.

ऑपरेशन छान झालं. शुद्धीवर आल्यावर वहिनीनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं नाही, दुखतंय म्हणाली नाही, मला विचारलं, ‘ते खरंच म्हणाले ना गं? की भुलीत ऐकलं मी?’ दादा लगेच, एवढासा मोका मिळाला तर, म्हणतो, ‘भुलीत माणसाला काहीही ऐकू येतं.’ शेजारच्या खाटेवरून बाई कडाडल्या, ‘मी शुद्धीवर होते.’ संपला विषय. वॉर्डभर साक्षीदार. कुठे जाणार पळून?

तर आज. आज या नाटकाचा शेवटचा प्रयोग आहे, वहिनी बरी झाली आहे, आणि शब्द म्हणजे शब्द, आज ती पहिल्यांदा बघणार आहे. उत्साह एवढा की जेवणं झाली न झाली तोच तयार. मी म्हटलं, अगं, अजून थिएटर झाडतसुद्धा नसतील. तर म्हणाली, यावेळी घंटेची वाट मी बघणार, घंटा माझी नाही. आलो आम्ही. दार बंद. दादा बाहेर उभा. वहिनी तोऱ्यात पुढे गेली, म्हणाली, ‘आले हो मी.’ दादा म्हणाला, ‘दिसतंय. दार उघडायला अवकाश आहे.’ अहो, चूक कबूल केलेला माणूस ना हा? केली कबूल, काठीची. दाराचं तिनं कधी विचारलंच नव्हतं. पण आत गेला आणि स्वतःचं बसायचं स्टूल आणून दिलं तिला, तेही फुंकर मारून पुसून. बसली वहिनी दाराबाहेर, महाराणीसारखी, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, माझी मुलगी आहे नाटकात.

मग तुम्ही विचाराल, मी कशी बाहेर? तेच तर. दार उघडायची वेळ झाली, आणि वहिनी पर्स चाचपतेय. लांबचा चष्मा घरी. ज्या एंट्रीसाठी वर्षभर थांबली ती आता धुरकट बघणार होती? मी धावले. त्याच रस्त्यानं, तशीच, टाच सोलवटून घेत. चष्मा घेतला, जिना चढले, आणि घंटा संपली. आवाज अजून हवेत होता हो. दार एवढं उघडं. दादानं फटीतून हात काढला, चष्मा घेतला, म्हणाला, ‘बरं झालं आणलास.’

चष्मा आत. मी... ते तुम्ही बघताच आहात.

श्श. थांबा. दिवे गेले आतले, फटीतला उजेड गेला बघा. या, इकडे कान लावा. ऐकलं? टक... टक... टक... काठी ती. वहिनीच्या बाबांची. आता उजेड येईल... आता...

या टाळ्या. ऐकताय ना? आणि त्या सगळ्यांत एकजण सगळ्यांच्या नंतरही वाजवत राहिलीय, ऐका, एकटीच, ती आमची वहिनी. चष्मा लावून. आत बसून. आता मी रडले तर हसू नका.

पण मला पण बघायचंय हो. दादा. ए दादा. मी आहे. ऐक ना, चष्मा वहिनी विसरली, पण चल, चूक माझी, मीच विसरले, सगळं मीच विसरले, माझं चुकलं, या साक्षीदारासमोर सांगते, माझं चुकलं. आता तरी उघड की रे...

काय म्हणाला? तुम्हाला ऐकू आलं? फटीतून बोलला काहीतरी. मला तर स्पष्ट ऐकू आलं.

‘मान्य आहे. इंटरव्हलला या.’